‘आम्ही’ म्हणालीस की ‘आपण’?

बेळगावच्या वडगावात मावशीच्या माजघरात भिंतीवर एक घड्याळ आहे. त्याचा सेल संपला तरी आठवडाभर कुणाच्या लक्षात येत नाही, कारण घरात ज्याच्या त्याच्या हातात फोन. गेल्या श्रावणात ते चार वीसवर थांबलं होतं. मावशी दुपारची झोप काढून उठली, घड्याळ बघितलं, चार वीस, म्हणजे गिरणी उघडली असणार, म्हणून दळणाचा डबा उचलून निघाली. गिरणी उघडलेलीच होती. दळण झालं. संध्याकाळी मावसभाऊ घरी आला तेव्हा कळलं की घड्याळ आदल्या रात्रीपासून बंद आहे. गंमत पुढेच. मावशी चप्पल घालत होती तेव्हा तिच्या फोनवर त्याचाच मिस्ड कॉल येऊन गेला होता, आणि त्या कॉलपुढची वेळ होती बरोब्बर चार वीस.

रात्री मला तिचा व्हॉइस मेसेज आला, पावणेचार मिनिटांचा. पहिली तीन मिनिटं गिरणीतल्या गर्दीची. शेवटी: “मी सांगतो ऐक गे. घड्याळ बंद. टाइम मात्र बरोबर. मग मला टाइम ठाऊक होता म्हणायचा, की नव्हता?”

आपल्याकडे ‘तत्त्वज्ञान’ हा शब्द रोजच्या बोलण्यात येतो तो टोमणा म्हणूनच. “तत्त्वज्ञान झाडू नकोस, भाजी आण.” त्यामुळे तत्त्वज्ञान म्हणजे जाड पुस्तक, नाहीतर प्रवचन, असं डोक्यात पक्कं बसलेलं. मावशी सातवीपर्यंत शिकली आहे. तिनं विचारलेला प्रश्न मात्र तत्त्वज्ञानाच्या एका अख्ख्या शाखेचा मुख्य प्रश्न आहे: एखादी गोष्ट ठाऊक असणं म्हणजे नेमकं काय?

जुनं उत्तर तीन पायांच्या तिवईसारखं आहे. गोष्ट खरी पाहिजे, तुमचा तिच्यावर विश्वास पाहिजे, आणि त्या विश्वासाला कारण पाहिजे. प्लेटोच्या एका संवादात हे उत्तर येतं, तपासलं जातं आणि शेवटी पुरेसं ठरत नाही. मावशीकडे तिन्ही पाय होते. चार वीस खरेच झाले होते, तिचा विश्वास होता, आणि भिंतीवरचं घड्याळ बघणं हे काही वाईट कारण नव्हे. तरी “तिला ठाऊक होतं” म्हणताना जीभ अडखळते. बंद घड्याळाचं हेच उदाहरण बर्ट्रांड रसेल यांनी १९४८ साली दिलं होतं. १९६३ मध्ये एडमंड गेटियर या अमेरिकन प्राध्यापकानं जेमतेम तीन पानांचा लेख लिहून याच धर्तीची दोन उदाहरणं मांडली, आणि तेव्हापासून तिवईला चौथा पाय कोणता लावायचा यावर विद्वान भांडत आहेत. आपल्याकडे तर आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध तार्किकानं हा पेच आधीच दाखवला होता. मांस भाजायला कुणीतरी नुकताच विस्तव पेटवलाय, धूर अजून यायचाय. वर किड्यांचा थवा जमलाय. लांबून बघणाऱ्याला तो धूर वाटतो आणि तो म्हणतो, तिथं विस्तव आहे. विस्तव आहेच. पण त्याला तो ‘कळला’ का?

मी हे सगळं मावशीला उलट व्हॉइस मेसेजमध्ये सांगितलं. तिचं उत्तर अकरा सेकंदांचं होतं: “धा मिनिटं उशिरा उठलो असतो तर फसलो असतो की. मग कसलं आलंय ठाऊक.” म्हणजे कारण चांगलं असून भागत नाही, परिस्थिती थोडी इकडची तिकडे झाली असती तरी आपण चुकलो नसतो, इतकं ते कारण गोष्टीला घट्ट बांधलेलं पाहिजे. गेटियरनंतर जी उत्तरं पुढे आली त्यातलं एक महत्त्वाचं उत्तर जवळजवळ हेच आहे. मावशीला मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती फुगली असती, आणि पुढचा मेसेज सात मिनिटांचा आला असता.

इथं जरा वाट वाकडी करते. ‘ठाऊक असणं’ यावर बोलताना मराठीची एक सोय आपल्या लक्षातच येत नाही. पत्ता आपल्याला ‘माहीत’ असतो, माणूस आपण ‘ओळखतो’, आणि पोहणं आपल्याला ‘येतं’. इंग्रजीत या तिन्हींना एकच क्रियापद चालतं. म्हणून गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञाला १९४९ साली पुस्तकात मोठं प्रकरण लिहून पटवावं लागलं की एखादी गोष्ट माहीत असणं निराळं आणि ती करता येणं निराळं. पोहण्याचे सगळे नियम पाठ असलेला माणूस विहिरीत बुडू शकतो. आपल्याकडे हा फरक क्रियापदातच आहे. कन्नडातही. “कन्नड बरुत्ता?” म्हणजे शब्दशः ‘कन्नड येतं का?’ हा प्रश्न बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी माणसाला कुठल्या ना कुठल्या खिडकीपाशी ऐकावा लागतोच. त्याचं उत्तर होय किंवा नाही असं देता येत नाही. बाजारापुरतं येतं, अर्जापुरतं येत नाही, रागावण्यापुरतं फार छान येतं.

असो. घड्याळाच्या त्या प्रकरणानंतर आम्ही चौघांनी ठरवलं की रविवारी दुपारी चहाला बसायचं, एक प्रश्न घ्यायचा आणि वीस मिनिटं फोन मध्ये ठेवून बोलणं रेकॉर्ड करायचं. मावशी, मावसभाऊ, खानापूर तालुक्यातल्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी आणि मी. रविवारीच, कारण एरवी शेजारच्या खोलीतला माग चालू असतो आणि त्याच्या खडखडाटात सॉक्रेटिससुद्धा ऐकू आला नसता.

रेकॉर्ड कशाला करायचं? नुसतं बोललं तर काय बिघडतं? हा प्रश्न गुरुजींनी पहिल्याच दिवशी विचारला, आणि तो रास्त आहे.

सॉक्रेटिसनं स्वतः एक ओळ लिहिली नाही. इसवी सनपूर्व ३९९ मध्ये त्याला विष प्यायला लावलं, तोवर तो बाजारात, व्यायामशाळेत, जेवणावळीत लोकांना अडवून प्रश्न विचारत होता. प्लेटोनं लिहिलेल्या ‘फीड्रस’ या संवादात तो लिहिण्याबद्दल तक्रार करतो. लिहिलेला मजकूर चित्रातल्या माणसासारखा असतो, जिवंत दिसतो, पण त्याला काही विचारा, गप्प. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच. (ही तक्रार आपल्यापर्यंत पोचली ती प्लेटोनं लिहून ठेवली म्हणून.) याज्ञवल्क्याला भर सभेत प्रश्न विचारणारी गार्गी, यमाला तीन वर मागणारा नचिकेत, मिलिंद राजाला “तुझा रथ म्हणजे चाक की आस की जू?” असं विचारणारा भिक्षू नागसेन, ही सगळी बोलणीच आहेत. वेदांना आपण ‘श्रुती’ म्हणतो, म्हणजे ऐकलेलं. कन्नड मुलुखातही बाराव्या शतकात कल्याणला (आजचं बसवकल्याण) बसवण्णांच्या भोवती अल्लमप्रभू, अक्कमहादेवी, नावाडी, धोबी, चांभार असे सगळे एकत्र बसून अनुभव तपासायचे अशी परंपरा आहे, आणि पुढं या मंडळींची, म्हणजे शरणांची, ती बोलणी संवादांच्याच रूपात ग्रंथात बांधली गेली.

आता रेकॉर्डिंगचा दोष लिखाणासारखाच आहे. त्याला काही विचारलं तर तेही गप्प बसतं. पण लिहिताना जे गळतं ते त्यात राहतं. मी छापखान्यात प्रुफं तपासते. आमच्या भागात बायकाही ‘मी येतो, मी सांगतो’ म्हणतात. मी स्वतः घरात ‘येतो’ म्हणते आणि इथं ‘तपासते’ लिहितेय. कुणाचं बोलणं छापायला आलं की माझा हात आपोआप ‘सांगतो’चं ‘सांगते’ करतो. माणूस थांबला, घुटमळला, एक शब्द उच्चारून मागं घेतला, हे तर कागदावर येतच नाही. आणि माझ्या मते रोजच्या बोलण्यातलं तत्त्वज्ञान नेमकं तिथंच असतं, जीभ घसरते त्या जागेवर. बोलताना ते कळत नाही, कारण आपण पुढचं वाक्य जुळवत असतो. दुसऱ्यांदा ऐकताना कळतं. म्हणून आमचा एकच कडक नियम आहे: आठवडाभरात प्रत्येकानं रेकॉर्डिंग एकदा ऐकायचं, आणि पुढच्या रविवारी आधी त्यावर बोलायचं. चित्रातल्या माणसाला विचारता येत नाही, पण ज्याचं चित्र आहे तो समोर बसलेला असतो.

पहिलं रेकॉर्डिंग फसलं. कुकरच्या चार शिट्ट्या, आणि बावीस मिनिटांतली सतरा गुरुजींची. त्यांना ते ऐकवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी असा बोलतो?” चाळीस वर्षं वर्गात बोललेल्या माणसाला हे पहिल्यांदा ऐकू आलं होतं. पुढच्या खेपेपासून ते प्रश्न विचारायला लागले, आणि ते प्रश्न विचारण्यात फार चांगले आहेत.

दुसऱ्या रविवारचा विषय गणपतीच्या वर्गणीचा. गल्लीत प्रत्येक घराला पाचशे एक रुपये. मावशीच्या वरच्या मजल्यावर जूनमध्ये एक कुटुंब भाड्यानं राहायला आलं, हुक्केरी तालुक्यातलं, कन्नड बोलणारं. त्यांनी पूर्ण वर्गणी द्यायची का? मावसभाऊ म्हणाला, सगळ्यांना सारखी, भानगड नको. गुरुजी म्हणाले, सारखी म्हणजे न्याय्य असं कुणी सांगितलं? ज्याच्या दोन गाड्या दारात आहेत त्यालाही पाचशे एक आणि जो रोजंदारीवर जातो त्यालाही? मी म्हटलं, जून ते सप्टेंबर, चार महिन्यांची घ्या. यावर सगळे हसले, गणपती काय भाड्यानं येतो का.

ॲरिस्टॉटलनं न्यायाबद्दल बोलताना हेच म्हटलंय की सारख्यांना सारखं द्यावं आणि वेगळ्यांना त्यांच्या प्रमाणात; भांडण होतं ते ‘कशात सारखे?’ यावरून. राहण्यात सारखे, ऐपतीत सारखे की उत्सवाच्या आनंदात सारखे? जॉन रॉल्स या अमेरिकन विचारवंतानं १९७१ मध्ये यावर एक युक्ती मांडली. तिला मराठीत अज्ञानाचा पडदा म्हणतात, पण आम्ही ती डब्यातल्या चिठ्ठ्यांनी समजून घेतली. समजा गल्लीतल्या सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकल्यात. उद्या सकाळी तुम्ही एक उचलणार आणि त्या घरात जन्म काढणार. मागवाल्याचं घर येईल, दोन गाड्यावाल्याचं येईल, किंवा वरच्या मजल्यावरचं, जिथं अजून सामान पूर्ण लागलेलं नाही. चिठ्ठी उचलायच्या आधी, आज रात्री, वर्गणीचा नियम ठरवा. आपलं घर कोणतं हे ठाऊक नसताना जो नियम तुम्हाला चालेल तो न्याय्य. मावसभावाचं ‘सगळ्यांना सारखी’ इथं जरा डळमळलं. मावशी म्हणाली, “मला वरचं घर आलं तर मी म्हणेन, पैसे घ्या, पण आधी बोलवा तरी.” तिच्या लेखी प्रश्न रकमेचा नव्हताच.

हे झालं बोलण्यातलं. खरी गोष्ट सापडली ती परत ऐकताना. सहाव्या मिनिटाला मावशी अगदी मनापासून म्हणते, “आम्ही कधी कुणाला परकं मानलं नाही.” आणि चौदाव्या मिनिटाला, चिठ्ठ्यांचं झाल्यावर, “आपण सगळे एका गल्लीतले.”

आम्ही आणि आपण. समोरच्याला सोडून असेल तर आम्ही, समोरच्याला धरून असेल तर आपण. भाषाशास्त्रात या दोन प्रकारांना नावं आहेत, पण चार वर्षांचं मराठी पोर ती न शिकताही चुकत नाही. हिंदीत दोन्हीला ‘हम’, इंग्रजीतही एकच शब्द. तमिळ आणि तेलुगूत आपल्यासारखे दोन. आता ते सहाव्या मिनिटाचं वाक्य पुन्हा वाचा. कुणाला परकं मानलं नाही असं सांगणारं वाक्य ‘आम्ही’नं सुरू होतं, आणि पहिल्याच शब्दात वरच्या मजल्याला दाराबाहेर उभं करतं. मावशी खोटं बोलत नव्हती. तिला स्वतःलाही ते ऐकून धक्का बसला. “मी ‘आम्ही’ म्हणालो?” तीन वेळा मागं नेऊन ऐकलं तिनं.

मग त्या रविवारी आम्ही वर्गणी बाजूला ठेवली आणि वीस मिनिटं फक्त ‘आपण’वर बोललो. ‘आपण’ होण्यासाठी काय लागतं? भाषा? किती वर्षं राहिलं ते? वर्गणी? की समोरच्यानंही ‘आपण’ म्हणणं? (हाच शब्द आदरानं ‘तुम्ही’ या अर्थीही वापरतात, “आपण बसावं”, हे गुरुजींनी काढलं. परक्याला मान द्यायला आपण आपल्यातलाच शब्द देतो. यावर विचार करायचा राहिलाय.)

सीमाभागात हे बोलणं वर्गणीपाशी थांबत नाही, हे वाचणाऱ्याला सांगायला नको. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. तो दिवस अर्ध्या गावाला राज्योत्सवाचा आणि अर्ध्या गावाला काळा दिवस. १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयातला दावा, १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव ‘बेळगावी’ होणं, हे सगळं आम्हाला शेजाऱ्याच्या तब्येतीसारखं तोंडपाठ आहे. त्याचा निकाल माजघरात लावायचा नव्हता. पण ऐकता ऐकता एक उपयोगी गोष्ट हाती लागली. एका दमात बोललेल्या प्रश्नात बहुतेकदा तीन वेगवेगळ्या जातीचे प्रश्न गुंडाळलेले असतात. गावात मराठी बोलणारे किती, हा मोजायचा प्रश्न. मोजणी नीट झाली तर वाद संपतो. गाव कुठल्या राज्यात असावं, हा ठरवायचा प्रश्न. तो मोजून सुटत नाही, लोक, कायदे आणि न्यायालयं तो ठरवतात. आणि गाव ‘कुणाचं’ असणं म्हणजे काय, हा शब्दाचा प्रश्न. गाव जमिनीसारखं कुणाच्या मालकीचं असतं, की आईसारखं एकाच वेळी चौघांचं असू शकतं? पहिल्या जातीच्या प्रश्नाला तिसऱ्या जातीचं उत्तर दिलं की दोन्ही बाजू खऱ्या बोलूनही एकमेकांना खोटं ठरवतात. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये हे निदान नऊ वेळा झालंय.

न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, बोलण्याचे तीन प्रकार सांगितलेत, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर असलेल्या प्रत्येकानं ते एकदा बघावेत. ‘वाद’ म्हणजे खरं काय ते शोधायला दोघांनी मिळून केलेली चर्चा. आज आपण वाद म्हणजे भांडण समजतो, शब्दाची काय ही अधोगती. ‘जल्प’ म्हणजे जिंकण्यासाठी केलेलं बोलणं, त्यात हातचलाखीही चालते. आणि ‘वितंडा’ म्हणजे स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं फक्त मोडत राहणं. वितंडवाद हा शब्द तिथूनच आला. जल्पातल्या हातचलाखीचं जुनं उदाहरण मजेशीर आहे. कुणी म्हणतं, याच्याकडे नव कांबळं आहे, म्हणजे नवं कोरं. समोरचा म्हणतो, नऊ कुठली, एकच तर दिसतंय. ‘नव’चे दोन अर्थ, तेवढ्यावर वाद जिंकला. आपल्या बोलण्यात असले ‘नव’ पदोपदी असतात: न्याय, मान, स्वाभिमान, विकास.

यावर जुन्या मंडळींचा उपाय म्हणजे पूर्वपक्ष. आधी समोरच्याचं म्हणणं तुम्ही मांडायचं, इतकं चांगलं की तो “होय, हेच म्हणतोय मी” म्हणेल. मगच उत्तर. १९४८ च्या जानेवारीत बीबीसी रेडिओवर रसेल आणि कॉपल्स्टन नावाचे एक जेझुइट पाद्री यांचा ‘ईश्वर आहे का’ यावर संवाद झाला. सुरुवातच अशी होते की ‘ईश्वर’ म्हणताना मला अमुक अभिप्रेत आहे, तुम्हाला चालेल का, असं पाद्री विचारतात आणि रसेल होकार देतात. शेवटी दोघांचं जमलं नाहीच, पण कशावर जमलं नाही हे ऐकणाऱ्याला स्वच्छ कळलं. आमच्याकडे मावसभावाला पूर्वपक्ष मांडायला सांगितलं की तो म्हणतो, “म्हणजे मी तिच्या बाजूनं बोलू?” होय, दोन मिनिटं. अवघड जातं. रेकॉर्डिंगवर तर अजून अवघड, कारण टर उडवायच्या सुरात मांडलं की तो सूर पकडला जातो.

या असल्या बोलण्याला आमच्या भागाची पार्श्वभूमीही आहे, आणि तिचा कुणी फारसा उल्लेख करत नाही याचं मला वाईट वाटतं. हिंदवाडीतलं गुरुदेव रानडे मंदिर बेळगावकरांना रस्ता सांगायच्या कामाचं तेवढं उरलंय. ते रानडे १८८६ साली जमखंडीत जन्मले, अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवलं, उपनिषदांवर लिहिलं, मराठी संतांवर लिहिलं आणि कन्नड संतांवरही. त्यांचे गुरू भाऊसाहेब महाराज उमदीकर, विजयपूर जिल्ह्यातल्या इंचगेरीच्या परंपरेचे. त्याच भाऊसाहेबांचे दुसरे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज, आणि त्यांचे शिष्य मुंबईत विडीचं दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज. खेतवाडीतल्या छोट्या खोलीत ते येईल त्याच्याशी मराठीत बोलायचे. ती बोलणी टेपवर घेतली गेली, मॉरिस फ्रीडमन या पोलिश गृहस्थानं त्यांचं इंग्रजी केलं आणि १९७३ मध्ये पुस्तक निघालं. जगभर आज ते वाचलं जातं. म्हणजे मराठीत रेकॉर्ड केलेल्या प्रश्नोत्तरांचं तत्त्वज्ञान ही कल्पना नवी नाही. सीमेवरच्या एका कन्नड गावातून निघालेल्या परंपरेनं ती कॅसेटच्या काळातच करून दाखवलीय.

आता कुणाला करून बघायचं असेल तर थोडं कामाचं. फोन टेबलावर थेट ठेवू नका, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, नाहीतर कपबशीचा आवाज तोफेसारखा येतो. विमान मोडवर टाका. रेकॉर्ड करतोय हे प्रत्येकाला आधी सांगा, आणि कुणी नंतर “माझं एवढं काढून टाक” म्हटलं तर न विचारता काढा; आमच्याकडे हे दोनदा झालंय, दोन्ही वेळा घरच्या पैशांवरून. मध्ये शांतता पडली तर ती कापू नका. वेग वाढवून ऐकू नका, दीडपट वेगात सगळेच हुशार वाटतात. तयार पॉडकास्ट ऐकणं उत्तमच, इंग्रजीत २००७ पासून चालू असलेला ‘फिलॉसॉफी बाइट्स’ पंधरा-वीस मिनिटांत एकेक प्रश्न घेतो. पण दुसऱ्याला पोहताना बघून पोहणं येत नाही, राइलसाहेबांनी सांगितलंच आहे. पॅरिसमध्ये १९९२ साली मार्क सोते या तत्त्वज्ञाच्या अभ्यासकानं एका कॅफेत रविवारी सकाळी येईल त्याला घेऊन तत्त्वचर्चा सुरू केली. आमच्याकडे कॅफे नाही. मावशीचा चहा आहे, आणि कुणी नवं आलं तर कुंदा.

प्रश्न कुठून आणायचे, असं विचारतात. आणायला लागत नाहीत. मावशीच्या मागाची फणी बदलली, धोटे बदलले, मोटार दोनदा बदलली. हा काकांनी घेतलेलाच माग का? नागसेनाच्या रथाच्या जवळचाच तो प्रश्न, आणि ग्रीकांकडे तो थीसियसच्या जहाजाचा. डॉक्टरांनी सांगितलेलं आजोबांपासून लपवायचं का? महाभारतात कर्णपर्वात कौशिक नावाचा ब्राह्मण आहे, कधी खोटं न बोलणारा. लुटारूंनी विचारलं, लोक कुठे लपलेत, त्यानं खरं सांगितलं, लोक मेले, कौशिक नरकात गेला. आजोबांचा प्रश्न आम्ही तीन रविवार घेतला. त्यावर लिहिणार नाही, ते रेकॉर्डिंगही मी पुसलंय.

वर्गणीचं शेवटी असं झालं की वरच्या अक्कांना आम्ही चहाला बोलावलं. त्यांना मराठी समजतं, बोलायला त्या लाजतात. त्या कन्नडातच बोलल्या, छान बोलल्या, पाचशे एक आनंदानं दिले, आणि बोलताना दोनदा म्हणाल्या, “नम्म ओणी गणपती.” ओणी म्हणजे गल्ली. घरी येऊन मी ते मराठीत उतरवायला बसले आणि अडले. आजच्या कन्नडात ‘आमचं’ आणि ‘आपलं’ दोन्हीला ‘नम्म’ एकच. बंगळूरच्या ‘नम्म मेट्रो’चं मराठी करायचं तर आमची मेट्रो की आपली मेट्रो? आमच्या गल्लीचा गणपती, की आपल्या गल्लीचा? एका पर्यायात अक्का त्यांच्या हुक्केरीच्या गल्लीबद्दल बोलत असतील, दुसऱ्यात वडगावच्या. रेकॉर्डिंग पाच वेळा ऐकलं. सूर दोन्हीकडे जात होता.

दुसऱ्या दिवशी वर जाऊन त्यांनाच ऐकवलं. त्या हसल्या. मोडक्या मराठीत विचारलं, “फरक काय त्यात?” मी सांगितलं, आमचा म्हणजे मला सोडून, आपला म्हणजे मला धरून. त्या जरा थांबल्या. हातातली कोथिंबीर निवडायची थांबली.

“मग ते मी बोलताना ठरवायचं,” त्या म्हणाल्या, “की तुम्ही ऐकताना?”

तेव्हा फोन पिशवीत होता. रविवारी हाच प्रश्न परत विचारा म्हणून त्यांना सांगून आलेय.